भाग ३१ : चार घरं आणि एक फूल

आज मधे एके ठिकाणी कागद-पेन लागेल. नसेल तर फोनच्या नोट्समध्ये बोटानं सहा ठिपके काढलेत तरी चालतील.

गेल्या भागाखाली एकानं विचारलं होतं, "ताई, ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे हॉस्पिटलमधल्या ऑपरेशनवरचा रिसर्च का?" [हसते] नाही रे बाबा. हे नाव लष्करातून आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांना बसवून विचारलं गेलं की रडार कसं वापरायचं, जहाजांचे ताफे केवढे ठेवायचे. लष्करी मोहीम म्हणजे ऑपरेशन, म्हणून हे नाव. आहे ती साधनं, आहे तो वेळ, यातून जास्तीत जास्त काम कसं काढायचं, याचं हे गणित. पण गंमत अशी की आजच्या गोष्टीत खरोखरचं ऑपरेशन थिएटर आहे. आणि ती माझ्या घरातली गोष्ट आहे, त्यामुळे आज जरा हळू बोलणार आहे.

माझ्या मामाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामा सांगलीचा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मामी पहिल्याच दिवशी म्हणाली, "माझी घ्या." तपासणी झाली, मामीची तब्येत ठणठणीत, पण रक्तगट जुळेना. मामा ए, मामी बी. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्धच्या अँटिबॉडीज आधीपासूनच असतात, त्यामुळे बी गटाची किडनी सरळ बसवता येत नाही. आता काही ठिकाणी औषधं देऊन, रक्त गाळून तसंही करतात, पण तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

मग डॉक्टरांनी स्वॅपबद्दल सांगितलं. समजा दुसरं एक घर असं आहे की तिथं रुग्ण बी गटाचा आणि किडनी द्यायला तयार असलेली बायको ए गटाची. तर मामीची किडनी त्या रुग्णाला, त्याच्या बायकोची मामाला. साटंलोटंच म्हणा ना. कायद्याला हे चालतं. आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि जवळच्या नातेवाइकाची किडनी जुळत नसेल तर अशी अदलाबदल करायला वाट मोकळी झाली. अट अशी की दोन्ही घरांतला दाता हा आपापल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक पाहिजे. आणि परवानगी देणाऱ्या समितीपुढे कागदपत्रांची थप्पी ठेवावी लागते, ते वेगळंच.

आम्ही ज्या हॉस्पिटलमध्ये जायचो, तिथं ही यादी एका वहीत होती. निळ्या कव्हरची, दोनशे पानी. ती वही सांभाळणाऱ्या बाई खूप मायाळू होत्या, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल आणि तो येऊ नये.

त्या वेळी वहीत स्वॅपसाठी चार घरं होती. प्रत्येकाला नावं नको, नंबर देऊ. एक नंबर आम्ही : रुग्ण ए, दाता बी. दोन नंबर : रुग्ण बी, दाता ए. तीन नंबर आमच्यासारखंच, रुग्ण ए, दाता बी. चार नंबर : रुग्ण बी, दाता ए. रक्तगटानं बघितलं तर आमचं दोनशीही जुळायला हवं आणि चारशीही. पण मामाला काही वर्षांपूर्वी अपघातानंतर बऱ्याच बाटल्या रक्त दिलं होतं. परक्याचं रक्त घेतलं की शरीर कधीकधी त्याविरुद्ध अँटिबॉडीज बनवून ठेवतं. त्यामुळे चार नंबरच्या दात्याबरोबर मामाचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला. या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी. थोडक्यात, आमचं जुळत होतं ते फक्त दोन नंबरशी. दोनचं तीनशीही जुळत होतं. तीनचं चारशीही.

दोन आणि तीनची कागदपत्रं आधी पूर्ण झाली. दोघांचे क्रॉसमॅच चांगले आले. त्यांची अदलाबदल झाली, दोन्ही ऑपरेशनं छान पार पडली, वॉर्डात पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. मग उरलो आम्ही आणि चार नंबर. आणि आमचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

पुढच्या वर्षी ग्राफ थिअरीच्या तासाला सरांनी फळ्यावर चार ठिपके काढले. एका रेषेत. एक-दोन जोडलेले, दोन-तीन जोडलेले, तीन-चार जोडलेले. आणि म्हणाले, "मधली रेघ आधी निवडली तर काय होईल?" मी वर्गातून उठून बाहेर गेले.

मधली रेघ निवडली तर एकच जोडी लागते, टोकाचे दोघं उरतात. कडेच्या दोन रेघा निवडल्या तर चौघंही जुळतात. एक-दोन आणि तीन-चार. दोन लोकांना किडनी मिळाली, त्याऐवजी चार लोकांना मिळाली असती. तेच दाते, तेच डॉक्टर, तीच वही.

बाईंचं चुकलं का? मला नाही वाटत. समोर जुळणारं दिसलं की लावून टाका, रुग्ण थांबलेत, हे कुठलाही शहाणा माणूस म्हणेल. गणितात या पद्धतीला 'ग्रीडी' म्हणतात, हावरी पद्धत. नाव अन्यायकारक आहे, कारण त्यात हाव नव्हती, घाई होती. आणि चार घरं असतील तर एखादी व्यक्ती कागदावर नीट बघून सोडवेलही. पण वहीत वीस घरं असतील तर?

इथं आकडे ऐका. वीस ठिपके आहेत आणि समजा कुणाचंही कुणाशी जुळतं. तर त्यांच्या दहा जोड्या किती प्रकारे लावता येतील? ६५ कोटी ४७ लाख २९ हजार ७५. चाळीस ठिपके केले तर ३ लिहून त्यापुढे आणखी २३ आकडे. सेकंदाला १०० कोटी प्रकार तपासणारा कॉम्प्युटर लावला तरी सगळे तपासायला सुमारे १ कोटी वर्षं लागतील. घरं नुसती दुप्पट झाली आणि हे झालं. यालाच कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन म्हणतात. प्रकार मोजता येण्याजोगेच असतात, पण मोजत बसलात तर संपलात. त्यातून सगळ्यात चांगला प्रकार शोधायचा, आणि तोही सगळे न बघता.

आता आजचा आपला माणूस. जॅक एडमंड्स. अमेरिकन, जन्म १९३४. साठच्या दशकात वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होता. मोजमापं-प्रमाणं ठरवणारं सरकारी खातं, तिथं गणिताचा एक गट होता. पुढे तो कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गेला आणि तिथंच त्याची बरीच कारकीर्द झाली. १९८५ मध्ये त्याला ऑपरेशन्स रिसर्चमधलं मोठं मानाचं जॉन व्हॉन न्यूमन थिअरी प्राइझ मिळालं. बायोडाटा इतकाच पुरे.

१९६१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला, रँड कॉर्पोरेशनमध्ये, या विषयातल्या लोकांचा मेळावा भरला होता. एडमंड्स तेव्हा २७ वर्षांचा होता. तिथंच त्याला जोड्या लावायच्या प्रश्नाची किल्ली सापडली. पेपर छापून आला १९६५ मध्ये, कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'वाटा, झाडं आणि फुलं'. गणिताच्या पेपरला असं नाव! मला तर आधी बालभारतीचा धडा वाटला.

वाटा म्हणजे काय ते आधी बघू, कारण ती कल्पना त्याच्या आधीची आहे. फ्रेंच गणिती क्लोद बेर्ज यानं १९५७ मध्ये मांडलेली. आमच्याच चार ठिपक्यांवर या. दोन-तीनची जोडी लागलेली आहे, एक आणि चार एकटे. आता एकट्या एकपासून निघा. एक ते दोन : ही रेघ 'न लागलेली'. दोन ते तीन : 'लागलेली'. तीन ते चार : 'न लागलेली'. आणि चारवर पोचलो, तोही एकटा. एकट्यापासून सुरू, एकट्यापाशी शेवट, मधे लागलेली-न लागलेली अशी आलटूनपालटून. अशी वाट सापडली की काय करायचं? सगळं उलटं करायचं. लागलेल्या रेघा सोडायच्या, न लागलेल्या लावायच्या. जोड्या एकनं वाढतात, दरवेळी. बेर्जनं सिद्ध केलं की अशी वाट कुठंच शिल्लक नसेल, तर तुमच्या जोड्या जास्तीत जास्त आहेत, याहून जास्त शक्यच नाहीत. म्हणजे १ कोटी वर्षं मोजत बसायची गरजच नाही, फक्त वाट शोधत राहा.

मग अडलं कुठं? वाट शोधण्यात. लग्नाच्या बायोडाट्यांसारखा प्रकार असेल, एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला मुली, तर वाट शोधणं सोपं असतं. कारण रेघ नेहमी या बाजूकडून त्या बाजूकडे जाते. पण किडनीच्या वहीत बाजू नाहीत. कुठलंही घर कुठल्याही घराशी जुळू शकतं. तीन घरं अशीही असू शकतात की तिघांचंही आपसात जुळतं. त्रिकोण. हा त्रिकोणच सगळी वाट लावतो.

काढा कागद. सहा ठिपके : अ, ब, क, ड, इ, फ. रेघा अशा : अ-ब, ब-क, क-ड, क-इ, ड-इ, इ-फ. क, ड, इ यांचा त्रिकोण झाला बघा. आता समजा ब-कची जोडी लागली आहे आणि ड-इची लागली आहे. त्या दोन रेघा जाड करा. अ आणि फ एकटे.

अपासून निघा. अ ते ब बारीक रेघ, ब ते क जाड. आता कपासून दोन बारीक रेघा निघतात. समजा तुम्ही इकडे गेलात. इवर बारीक रेघेनं आलात, म्हणजे पुढं जाड रेघेनंच जावं लागणार. जाड रेघ ड कडे जाते. डपासून पुढं कुठंच नवं जाता येत नाही. संपलं. फ शेजारीच उभा आहे, पण तुम्ही इवर 'चुकीच्या पायानं' आलात म्हणून त्याच्याकडे जाता येत नाही. आता उलटं करा. कपासून ड कडे जा बारीक रेघेनं, ड ते इ जाड, इ ते फ बारीक. पोचलात! सहा ठिपक्यांत हे डोळ्यांना दिसतं. शेकडो ठिपक्यांत असे त्रिकोण, पंचकोन, सप्तकोन एकमेकांत गुंतलेले असतात. विषम संख्येच्या प्रत्येक फेऱ्यात 'इकडून जाऊ की तिकडून' हा प्रश्न, आणि सगळे पर्याय तपासायला गेलात की पुन्हा त्या कोट्यवधींच्या विहिरीत.

एडमंड्सनं काय केलं? त्यानं पाहिलं की अशा विषम फेऱ्यातल्या प्रत्येक ठिपक्यावर दोन्ही पायांनी पोचता येतं, एकीकडून गेलात तर एका पायानं, दुसरीकडून गेलात तर दुसऱ्या. मग आत्ता ठरवायचंच कशाला? अख्खा फेरा मिटवून टाका. क, ड, इ हे तीन ठिपके म्हणजे एकच जाडसर ठिपका. याला त्यानं फूल म्हटलं आणि अ-ब-क या वाटेला देठ. फूल मिटल्यावर चित्र उरतं ते असं : अ, ब, फूल, फ. अ-ब बारीक, ब-फूल जाड, फूल-फ बारीक. वाट सरळ समोर! मग फूल उमलवायचं आणि आत बघायचं की इमधून बाहेर पडायला कुठल्या बाजूनं फिरून यावं लागेल. ड कडून. झालं. उलटापालट करा : अ-ब, क-ड, इ-फ. तिन्ही जोड्या लागल्या, कुणी एकटं नाही.

फुलात फूल असू शकतं, मिटलेलं फूल दुसऱ्या मोठ्या फुलाची पाकळी होऊ शकतं. पद्धत तीच. मला या कल्पनेतली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यातला निवांतपणा. जो निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही तो बांधून बाजूला ठेव, पुढं बघ, गरज पडली की सोड. मी हा अल्गोरिदम पहिल्यांदा सी प्लस प्लसमध्ये लिहिला तेव्हा फूल उमलवायच्या भागात तीन रात्री गेल्या, तो भाग वेगळा. निवांतपणा कल्पनेत आहे, कोडमध्ये नाही.

त्याच पेपरात एडमंड्सनं आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती फुलाहून मोठी आहे. तोपर्यंत बरेच गणिती म्हणायचे, अहो, प्रकार मोजके आहेत ना, मग सगळे तपासा, प्रश्न सुटलाच की. एडमंड्स अडून बसला की नाही, असं नाही चालणार. चांगली पद्धत कुणाला म्हणायचं? ठिपके वाढतील तसं काम बेताबेतानं वाढलं पाहिजे. त्याच्या पद्धतीचं काम ठिपक्यांच्या संख्येच्या चौथ्या घाताच्या हिशोबात वाढत होतं. चाळीसचा चौथा घात किती? २५ लाख ६० हजार. तुमच्या हातातल्या फोनला हे काहीच नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आत. एकीकडे १ कोटी वर्षं आणि एकीकडे हे. आज कॉम्प्युटर सायन्सची मुलं 'पॉलिनॉमियल टाइम' म्हणून परीक्षेत जे घोकतात, त्यामागचा आग्रह असा सुरू झाला. पुढे लोकांनी त्याची पद्धत आणखी वेगवान केली. आणि त्यानं स्वतः त्याच वर्षी रेघांना वजन देऊन, म्हणजे ही जोडी त्या जोडीपेक्षा जास्त महत्त्वाची असं धरूनही, प्रश्न सोडवून दाखवला.

किडनीचा त्याच्या डोक्यात विचारही नव्हता. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण बॉस्टनला १९५४ मध्ये झालं होतं, जुळ्या भावांत. अदलाबदलीची कल्पना डॉक्टर फेलिक्स रॅपापोर्ट यांनी मांडली १९८६ मध्ये. आणि ती एडमंड्सच्या फुलाला येऊन भेटली थेट २००५ मध्ये. ॲल्विन रॉथ, तैफून सोन्मेझ आणि उत्कू उन्व्हर हे तीन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी आधी मोठ्या साखळ्यांची योजना मांडली होती. सर्जन लोक म्हणाले, दोन-दोन घरांचंच करू, त्याहून मोठं आम्हाला जमणार नाही. कारण अदलाबदलीतली सगळी ऑपरेशनं एकाच वेळी करायची असतात. का? समजा आज मामीची किडनी त्या घराला दिली आणि उद्या त्या घरचा दाता म्हणाला, मला नाही द्यायची. काय करणार? जबरदस्ती करता येत नाही, आणि करूही नये. म्हणून दोन घरं म्हणजे एकदम चार ऑपरेशनं, चार टीम. तीन घरं म्हणजे सहा. मग या तिघांनी दोन-दोनच्या जोड्यांचं गणित केलं, आणि तिथं एडमंड्सचा सिद्धांत जसाच्या तसा कामाला आला. अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात त्यांच्या मदतीनं किडनी अदलाबदलीचा कार्यक्रम उभा राहिला. २०१२ मध्ये रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

आता तुम्ही विचाराल, तिघांची अदलाबदल केली तर आणखी लोक जुळतील ना? जुळतील. पहिला दुसऱ्याला देणार, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. पण इथं गणित अचानक कोलमडतं. दोन-दोनच्या जोड्यांना एडमंड्सची सुंदर पद्धत आहे. तीनपर्यंतच्या फेऱ्यांना परवानगी दिली की प्रश्न 'एनपी-हार्ड' होतो, म्हणजे कितीही ठिपके असले तरी वेगानं चालेल अशी पद्धत आजवर कुणालाच सापडलेली नाही. दोनाचे तीन केले, फक्त. मला हे अजूनही विचित्र वाटतं.

पण सापडलेली नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नसतं, आणि इथं ऑपरेशन्स रिसर्चवाले कामाला येतात. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड अब्राहम, अव्हरिम ब्लम आणि टुओमास सँडहोम यांनी १०,००० घरांच्या यादीइतकं मोठं गणित सोडवून दाखवलं. युक्ती अशी की शक्य असलेले सगळे फेरे आधी लिहायचेच नाहीत, ते मेमरीत मावणारच नाहीत. थोडे घ्यायचे, गणित सोडवायचं, मग विचारायचं की बाहेर राहिलेल्यांपैकी कुणाला आत घेतलं तर उत्तर सुधारेल. तेवढेच घ्यायचे. त्याच वर्षी अमेरिकेत एक वेगळी साखळी सुरू झाली. एका माणसानं बदल्यात काहीही न मागता किडनी दिली, आणि त्यातून एकापुढे एक, वेगवेगळ्या दिवशी, १० प्रत्यारोपणं झाली. पहिल्यांदा फुकट देणारा असेल तर सगळं एकाच वेळी करावं लागत नाही, कारण मधेच कुणी नाही म्हटलं तरी कुणाचं आधीच देऊन झालंय आणि मिळालं नाही, असं होत नाही. आपल्याकडे अनोळखी माणसानं अशी किडनी देणं अवघड आहे. कायद्याला पैशाच्या व्यवहाराची भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. त्यामुळे आपल्यासाठी दोन-तीन घरांच्या फेऱ्यांचंच गणित जास्त महत्त्वाचं.

आणि आपल्याकडे होतच नाही असंही नाही. अहमदाबादच्या एका केंद्रात २०१३ च्या जागतिक किडनी दिनाला १० रुग्णांना अदलाबदलीतून किडनी मिळाली. फरक पडतो तो यादीच्या आकारानं. चार घरांच्या चार वेगळ्या वह्या म्हणजे चार ठिकाणी चार एकटे ठिपके. त्यांच्यात रेघाच नाहीत, तर एडमंड्स तरी काय करणार? यादी एकत्र झाली तरच रेघा दिसतात. अवघड रुग्णांना, मामासारख्या ज्यांच्या रक्तात अँटिबॉडीज जास्त आहेत त्यांना, तर याचा सगळ्यात जास्त उपयोग. त्यांचं जुळणारं घर शंभरात एखादंच असतं, आणि रेघांना वजन द्यायची सोय असली की ती एक रेघ आधी राखता येते.

आमच्या घरी पुढं काय झालं तेही सांगते, कारण मेसेज येतीलच. नवीन घरं वहीत येत राहिली, पण मामाशी कुणाचंच जुळेना. मामा दोन वर्षं डायलिसिसवर राहिला. एका पावसाळ्यात त्याला इन्फेक्शन झालं आणि तो गेला. चार नंबरच्या घराला नंतर दुसरं एक घर मिळालं, त्यांचं ऑपरेशन झालं. ते काका दर दिवाळीला मामीला फोन करतात.

या भागाची तयारी करताना मी सांगलीला गेले होते. मामीला विचारलं, हे सांगू का सगळ्यांना? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सांग. पण त्या वहीवाल्या बाईंना वाईट वाटेल असं काही बोलू नकोस." मग मी तिला कागदावर चार ठिपके काढून दाखवले. तिनं बराच वेळ बघितलं. दोन-तीनच्या रेघेवर बोट ठेवलं, मग एक-दोनवर, मग तीन-चारवर. आणि म्हणाली, "चहा टाकू?"

आता तुमच्यासाठी कोडं. पाच ठिपक्यांचा पंचकोन काढा, शेजारशेजारचे जोडलेले. त्याच्या प्रत्येक ठिपक्याला बाहेरून एकेक शेपूट जोडा, म्हणजे एकूण दहा ठिपके. पंचकोनातल्या दोन रेघांनी जोड्या लावा, आतला एक ठिपका एकटा राहील आणि शेपटांचे पाचही. आता एकट्या शेपटांपासून आलटूनपालटून वाटा शोधा आणि जोड्या वाढवत न्या. दोनाच्या किती जोड्या होतात, आणि किती वेळा उलटापालट करावी लागली, ते कमेंटमध्ये लिहा. कागदाचा फोटो टाकलात तर अजून छान. भेटू पुढच्या गुरुवारी.